गाजरगवत आणि रक्तातील पांढऱ्या पेशी

रस्त्याच्या कडेला आणि पडीक जमिनीवर बारीक पांढऱ्या फुलांचे एक तण माजलेले दिसते. महाराष्ट्रात त्यास गाजरगवत किंवा काँग्रेस गवत म्हणतात. भिलाईकडे त्याचेच नाव गाजरघास. मूळची अमेरिका खंडातील ही वनस्पती १९५५ च्या सुमारास पुण्यात आढळली आणि पुढे देशभर फैलावली. तिच्यापासून होणाऱ्या त्वचारोगाचे पुण्यातील वर्णन डॉ. लोणकर व त्यांचे सहकारी यांनी १९७४ साली प्रसिद्ध केले. या रोगात चेहरा, मान व कोपरांची आतील बाजू लाल होते, खाज सुटते, लस वाहते. दुखणे जुने झाले की कातडी जाड व काळवंडलेली होते.

हा दाह मुख्यतः रोग्याच्याच रक्तातील पांढऱ्या पेशी उत्पन्न करतात, ही आश्चर्याची गोष्ट होय. गवतावरील सूक्ष्म केसांत पार्थेनिन नावाचे द्रव्य असते. वाळलेल्या गवताची धूळ अंगावर बसली की ते त्वचेतील प्रथिनांना चिकटते. त्वचेच्या वरच्या थरातील लँगरहान्स पेशी हा परका पदार्थ जवळच्या लसीका ग्रंथीत नेतात. तेथे टी-पेशी या पांढऱ्या पेशी त्याची ओळख करून घेतात, संख्येने वाढतात आणि त्यांतील काही ती ओळख वर्षानुवर्षे जपतात. पुन्हा संपर्क घडला की एकदोन दिवसांत त्या त्वचेत जमतात व रासायनिक निरोप सोडतात. त्या हाकेसरशी इतर पांढऱ्या पेशीही धावून येतात. केशवाहिन्या रुंदावतात व त्यांतून द्रव पाझरतो. लाली आणि सूज ही या धावपळीचीच चिन्हे.

हे कार्य पेशींचे आहे, हे लँडस्टायनर आणि चेस यांनी १९४२ साली दाखविले. संवेदनशील गिनीपिगच्या पांढऱ्या पेशी निरोगी गिनीपिगास टोचताच त्याची त्वचाही संवेदनशील झाली. नुसत्या रक्तद्रवाने तसे घडत नव्हते.

पेशींची ही स्मृती सहसा पुसली जात नाही. औषधांनी दाह शमतो. परंतु गवताशी संबंध राहिला तर तो उलटतो. ज्याचे पोट शेतावर अवलंबून आहे, त्याने शेत सोडून जावे कोठे? म्हणून फुले येण्यापूर्वीच, हातमोजे व पूर्ण बाह्यांचे कपडे घालून, हे गवत समूळ उपटणे हाच सर्वांच्या हिताचा मार्ग आहे. ज्यांना एकदा हा रोग झाला आहे, त्यांना मात्र या कामापासून दूर ठेवावे.