टाकीच्या तोंडाशी

खोपोली, सावरोली, पाताळगंगा या खालापूरच्या पट्ट्यातल्या पोलाद आणि रसायनांच्या कारखान्यांना सेफ्टी हा शब्द नवा नाही. 4 मार्चला सुरक्षा दिनाची शपथ होते, गेटवर हेल्मेटचा फलक असतो. पण टाकी साफ करायला उतरणारा पुष्कळदा ठेकेदाराचा असतो, वाडीवरचा नाहीतर परप्रांतातला, आणि त्याचं प्रशिक्षण म्हणजे एक व्हिडिओ आणि गेटपाससाठी रजिस्टरवर सही. हे शिक्षण गेटवर नको, टाकीच्या तोंडाशी, काम सुरू होण्याआधी, त्याच्या बोलीत हवं.

कारण बंद टाकीत अनुभव दगा देतो. हवेत ऑक्सिजन सुमारे 21 टक्के असतो, 19.5 च्या खाली गेला की उतरायचं नाही. नायट्रोजन भरलेल्या टाकीत वास येत नाही, घुसमटही जाणवत नाही. दोन-चार श्वासांत माणूस कोसळतो. हायड्रोजन सल्फाइडला सडक्या अंड्याचा वास असतो खरा, पण मात्रा वाढली की नाकच बधिर होतं. मग वरचा सोबती धावत उतरतो, त्याच्यामागे तिसरा. पट्टा, बाहेर धरलेला दोर, लेखी दाखला हे सगळं 1948 च्या कारखाना कायद्याच्या कलम 36 मध्ये होतं. भोपाळनंतर, 1987 साली, प्रशिक्षण हा कामगाराचा हक्कही ठरला. कागद कमी पडलेला नाही.

‘ही माणसं ऐकतच नाहीत’ असं मालक म्हणतात. मे महिन्यात भट्टीशेजारी हेल्मेट काढणारे असतात, नाकारत नाही. पण ‘गॅस तपासल्याशिवाय उतरणार नाही’ म्हणणाऱ्याचा दुसऱ्या दिवशीचा रोज बुडणार असेल, तर तो कशाला बोलेल? म्हणून पहिला धडा मुकादमाला आणि सुपरवायझरला द्यावा. लहान कारखान्याला परवडत नाही, हा आक्षेप जास्त वजनाचा आहे. तरी शेजारच्या चार कारखान्यांत मिळून एक गॅस मीटर घेता येतो.

कर्जतकडे फार्महाऊसच्या बांधकामांवर सेफ्टी ऑफिसर कुठून असणार? 1996 चा बांधकाम कामगार कायदाही दहा कामगारांपासून पुढे लागू होई. तिथे नव्या पाण्याच्या टाकीतलं सेंट्रिंग काढणं साधं काम समजतात, पण बंद टाकीत ओलं लाकूड ऑक्सिजन खाऊन टाकतं. मुकादमाने झाकण आदल्या दिवशी उघडावं, ब्लोअर लावावा, मीटरने हवा तपासावी, आणि दोर धरायला असा माणूस ठेवावा ज्याला आधीच बजावलेलं असेल: काहीही झालं तरी तू खाली उतरायचं नाहीस.