नाताळचें गाणें आणि मुळशीचें जातें

आपण ज्यास नाताळ म्हणतों तो शब्द पोर्तुगीज 'नाताल' यावरून आलेला असून त्याचें मूळ लॅटिन 'नातालिस', म्हणजे जन्मासंबंधीं, या शब्दांत आहे. तोच लॅटिन शब्द फ्रान्सांत झिजून 'नोएल' झाला व पुढें खाडी ओलांडून इंग्लंडांत गेला. इंग्रजांच्या 'दि फर्स्ट नोएल' या जुन्या नाताळगीताच्या धृपदांत जो शब्द पुन्हा पुन्हा येतो तो हाच. म्हणजे कॉर्नवॉलचा कोळी आणि साष्टीचा कुळवाडी एकाच सणाला एकाच शब्दानें ओळखीत आले. शब्दाच्या वाटा मात्र दोन. हें गीत आजही इतक्या लोकांस प्रिय कां, या प्रश्नाचें उत्तर आम्हांस इंग्रजी संगीतग्रंथांपेक्षां मुळशी तालुक्यांतील जात्यापाशीं अधिक स्पष्ट मिळालें. तें कसें, हें येथें मांडावयाचें आहे.

प्रथम गीताचे दोष सांगणें बरें, कारण सर्व प्रकरण तेथूनच उलगडतें. लूकच्या शुभवर्तमानांत मेंढपाळांना देवदूत दिसतो. तारा दिसतो तो मत्तयाच्या शुभवर्तमानांतील मागी लोकांना, म्हणजे पूर्वेकडून आलेल्या ज्ञात्यांना. या गीतांत तो तारा मेंढपाळांनाही दिसतो. शास्त्रार्थाच्या दृष्टीनें ही सरळ चूक आहे. चालीविषयींही संगीतज्ञ नाक मुरडतात. एकच स्वरवाक्य दोनदां येतें, आणि धृपद म्हणजे त्याच वाक्याचें थोडेसें फिरविलेलें रूप. शिवाय वाक्य षड्जावर येऊन विसांवत नाहीं, तें गांधारावर थांबतें. ऐकणारास वाटतें कीं अजून कांहीं व्हावयाचें आहे. आणि पुढें होतें तें इतकेंच, कीं तेंच वाक्य पुन्हा सुरू होतें.

इंग्रजींतील 'कॅरल' हा शब्द मुळांत सणाचा नव्हेच. फेर धरून नाचतांना म्हणावयाच्या गाण्याचें तें नांव होतें. एकानें कडवें म्हणावें, फेरानें धृपद उचलावें. आपल्याकडील भोंडल्याचा फेर ज्यानें पाहिला आहे त्यास ही रीत समजावून सांगावी लागणार नाहीं. सन १६४७ मध्यें इंग्लंडच्या पार्लमेंटानें नाताळचा सणच रद्द केला. सन १६६० मध्यें राजसत्ता परत आली तेव्हां सणही आला. तथापि शिष्ट उपासनेंत या गाण्यांस फारसें स्थान उरलें नाहीं. तीं खेड्यांत, विशेषतः पश्चिमेकडील कॉर्नवॉलसारख्या कोपऱ्यांत, तोंडोतोंडीं राहिलीं. सन १८२२ मध्यें डेव्हीज गिल्बर्ट यानें अशा गाण्यांचा एक लहान संग्रह छापला, आणि सन १८३३ मध्यें विल्यम सँडिज यानें मोठा. सँडिजच्या संग्रहांत 'दि फर्स्ट नोएल' शब्द व चाल यांसह आलें. मरत चाललेली चाल टिपून ठेवावी एवढ्याच हेतूनें हे गृहस्थ बसले होते. सन १८७१ मध्यें जॉन स्टेनर यानें त्या चालीस चार आवाजांची बैठक दिली आणि गाणें देवळांत शिरलें. तेथून तें जगभर गेलें.

आतां मुळशीकडे वळूं. पुण्याच्या पश्चिमेस, सह्याद्रीच्या माथ्यापर्यंत पसरलेला हा तालुका भाताचा, नाचणीचा आणि वरईचा. येथें कोंबडा आरवण्यापूर्वीं बाई जात्यावर बसे. त्या वेळीं जी ओवी म्हटली जाई तिचा वंश फार जुना आहे. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या 'मानसोल्लास' ग्रंथांत, म्हणजे शके १०५१ (सन ११२९) मध्यें, महाराष्ट्रांतील स्त्रिया कांडतांना ओवी गातात असा उल्लेख आहे. ज्ञानेश्वरीच्या आधींचा हा सुमारें दीडशें वर्षांचा पुरावा होय. त्यावरून मुळशीच्या ओव्या तेव्हांपासून तशाच चालत आल्या असें कोणी समजूं नये. शब्द बदलले, दैवतें बदललीं, प्रत्येक पिढीच्या सासरमाहेरचीं गांवें बदललीं. टिकली ती रीत.

ती रीत अशी. जातें ओढणें हें श्वासाचें काम आहे. दोघी समोरासमोर बसून एकच खुंटा धरितात. एक हात खुंट्यावर, दुसऱ्या हातानें वैरण घालावयाची. ओवीचा पहिला चरण एकीनें घ्यावा, दुसरा दोघींनीं मिळून पुरा करावा. चाल एकच असते आणि ती तळीच्या फेऱ्याबरोबर फिरून आपल्या आरंभाशीं येते. तिला स्वतःचा असा शेवट नाहीं. शेवट दळण संपण्याला आहे. अशा गाण्यास तयार गळा लागत नाहीं, वाचतां येण्याची गरज नाहीं, आणि एखादी ओवी विसरली तरी कांहीं मोडत नाहीं, कारण प्रत्येक ओवी आपल्यापुरती पुरी असते. पहिली, दुसरी, तिसरी असें मोजीत बाई एक देवाला वाहते, एक आईला, एक भावाला. मधलीच आठवली नाहीं तर नवी रचून घालते.

इंग्रजी गीताच्या चालीकडे येथून पाहिलें कीं तिचें कोडें सुटतें. गांधारावर थांबणारें वाक्य गाणाऱ्यास थांबूंच देत नाहीं, फेऱ्यांत परत ढकलतें. ग्रंथकार जीस पुनरुक्ति म्हणतो ती गाणाऱ्याची सोय आहे. हिंवाळ्याच्या रात्रीं दारोदार फिरणाऱ्या मंडळींत ज्याला कडवीं येत नाहींत तो धृपदांत मिसळतो, आणि धृपदांत सारा भार त्या एका शब्दावरच आहे. गाणें सुंदर आहे म्हणून टिकलें असें म्हणणें चूक नव्हे. परंतु सुंदर गाणीं पुष्कळ गेलीं. हें टिकलें, कारण तें कोणासही बाहेर ठेवीत नाहीं.

ताऱ्याच्या चुकीचेंही तसेंच आहे. वाल्मीकीच्या काव्यांत सीतात्यागाचें कारण लोकापवाद हें आहे. जात्यावरच्या ओव्यांतील सीतेस अनेक ठिकाणीं छळते ती सासू कैकेयी. वनवास हा सासुरवासच होतो. सीता रानांत बाळंत होते आणि लहू-अंकुशांचा पाळणा रानांतच हालतो. पंडितानें येथें पोथी काढून दाखवावी तर बाई ऐकणार नाहीं, कारण सासुरवास काय असतो हें तिला पोथींतून शिकावयाचें नाहीं. कॉर्नवॉलच्या गाणाऱ्यानें हेंच केलें. मेंढरें राखणारा तो स्वतः होता, किंवा त्याचा शेजारी होता. तारा दूरदेशच्या ज्ञात्यांनाच दिसावा आणि रात्रभर उघड्यावर जागणाऱ्या माणसास दिसूं नये, हें त्यास पटलें नसावें. गोठ्यांत झालेला जन्म आणि रानांत झालेला जन्म या दोन कथा अगदीं वेगळ्या, त्यांची सरमिसळ करण्याचा आमचा हेतु नाहीं. परंतु गाणारीचें लक्ष दोन्हींकडे एकाच जागीं जातें: बाळंतपण आलें आहे आणि घर नाहीं.

नाताळच्या कथेस मराठी ओवी लाभली ती एका इंग्रजाच्या हातून. टॉमस स्टीफन्स हा विल्टशायरांत सन १५४९ च्या सुमारास जन्मलेला जेसुइट पाद्री सन १५७९ च्या ऑक्टोबरांत गोव्यास पोंचला आणि सन १६१९ मध्यें वारला. मधल्या चाळीस वर्षांतील बहुतेक काळ त्यानें साष्टींत घालविला. त्याचें 'ख्रिस्तपुराण' सन १६१६ मध्यें राचोल येथें रोमन लिपींत छापलें गेलें. पहिल्या भागांत ३६ व दुसऱ्यांत ५९ अध्याय, ओव्या एकंदर सुमारें अकरा हजार. येशूचा जन्म दुसऱ्या भागांत येतो. त्याची ओवी ग्रंथांतली आहे, तीन चरणांस यमक व चौथा आंखूड, एकनाथादिकांच्या वळणाची, जात्यावरची नव्हे. हा भेद लक्षांत ठेवला पाहिजे. तरीपण श्रोत्याच्या कानास दोन्ही एकाच घरच्या वाटतात, आणि स्टीफन्सनें नेमका तो कान ओळखला होता.

ग्रंथाच्या आरंभींच एक नवख्रिस्ती विचारतो कीं, आमचीं जुनीं पुराणें बंद झालीं, मग त्यांच्या जागीं आम्हीं वाचावें काय? आमच्या मतें साऱ्या ग्रंथांतील ही सर्वांत खरी जागा होय. ज्या सत्तेनें साष्टींतील देवळें पाडलीं आणि लोकांच्या पोथ्या हिरावल्या तिच्याच छत्राखालीं हें पुराण झालें. ती गोष्ट वगळून त्याच्या रसाळ मराठीची स्तुति करणें इतिहासास धरून होणार नाहीं. आणि ती भाषा रसाळ आहे, हेंही दडवून चालणार नाहीं. हिरावलेल्या गाण्याची जागा रिकामी राहूं शकत नाहीं, एवढें त्या पाद्र्यानें जाणलें. त्याच्या वरिष्ठांस तें पुढें उमगलें नाहीं. सन १६८४ मध्यें व्हाइसरॉयनें देशभाषा सोडून पोर्तुगीज बोलण्याचा हुकूम काढला. सन १७३६ च्या इन्क्विझिशनच्या आज्ञेंत तर लग्नप्रसंगीं ओव्या गाण्यास नांव घेऊन मनाई केली आहे. ज्या छंदांत ख्रिस्तजन्माचें पुराण रचलें तो छंदच अपराध ठरला!

परिणाम मोठा बोधक झाला. 'ख्रिस्तपुराणा'च्या १६१६, १६४९ व १६५४ या तीन छापांपैकीं एकाचीही प्रत आज कोठें असल्याचें ज्ञात नाहीं. छापलेलें सर्व गेलें. उरल्या त्या हातानें उतरलेल्या पोथ्या, ज्या घरोघर व देवळांतून वाचल्या व गायिल्या जात. गोव्याहून कानडा मुलखांत गेलेल्या कुटुंबांनीं त्या सोबत नेल्या. त्यांच्याच आधारें सन १९०७ मध्यें जोसेफ सालढाणा यांनीं मंगळूर येथें नवी आवृत्ति काढली. देवनागरी लिपींतील एक पोथी लंडनच्या मार्सडेन संग्रहांत सांपडली, आणि सन १९५६ मध्यें शांताराम बंडेलू यांनीं पुण्यास देवनागरी आवृत्ति प्रसिद्ध केली. लग्नांतील ओव्याही गेल्या नाहींत. गोव्यांतील ख्रिस्ती घरांत नवरानवरीस नारळाच्या रसानें न्हाऊं घालतांना बायका 'वोव्यो' म्हणतात. मनाई करणाऱ्यांस, पार्लमेंट असो कीं इन्क्विझिशन, एक गोष्ट साधत नाहीं: काम करतांना म्हटलेल्या गाण्याची जप्ती होत नाहीं. पुढें रेव्हरंड नारायण वामन टिळकांनीं 'ख्रिस्तायन' हातीं घेतलें व तें अपुरें राहिल्यावर लक्ष्मीबाईंनीं पुरें केलें. सन १९३८ मध्यें छापलेला तो ग्रंथही ओवीबद्धच आहे.

मुळशीस मनाई झाली नाहीं, तेथें पाणी आलें. निळा-मुळेच्या खोऱ्यांत टाटा कंपनीनें वीज काढण्यासाठीं धरण योजिलें. त्याविरुद्ध मावळ्यांनीं सत्याग्रह सुरू केला तो १६ एप्रिल १९२१ रोजीं, रामनवमीस. ज्या दिवशीं दुपारीं देवळोदेवळीं रामजन्माचा पाळणा म्हणतात त्याच दिवशीं, स्वतःचीं घरें राखण्यासाठीं! सेनापति बापट व विनायकराव भुस्कुटे यांनीं चालविलेला तो लढा सन १९२४ पर्यंत चालला. धरण झालें आणि खोऱ्यांतील गांवें उठलीं. मग हळूहळू पिठाची गिरणी आली. तिनें बायकांच्या खांद्यांवरचें ओझें उतरविलें, याबद्दल तिला दोष देणाऱ्यानें आधीं चार पायली नाचणी दळून पाहावी. परंतु जातें थांबलें तेव्हां ओवी म्हणण्याची वेळही गेली.

अशा वेळीं येथेंही गिल्बर्ट आणि सँडिज यांचें काम करणारीं माणसें निघालीं. पुण्याच्या हेमा राईरकर व फ्रान्समधून येऊन येथें राहिलेले गी पॉइतवां यांनीं मुळशीच्या डोंगराळ भागांत काम करतां करतां ओव्या जमविण्यास आरंभ केला. नांदगांव, कोळवडे अशा गांवांतून सुरू झालेला तो संग्रह महाराष्ट्रांतील हजाराहून अधिक गांवें व एक लाखाहून अधिक ओव्या इतका वाढला. राईरकरबाई व पॉइतवां दोघेंही आज हयात नाहींत. सन २०१७ पासून हा संग्रह ध्वनिमुद्रणांसह सर्वांस खुला होत आला आहे. त्यांत राम आहे, विठ्ठल आहे, सीतेचा वनवास आहे, आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकरांवरील ओव्यांचा मोठा भागही आहे. ओवीला नवें दैवत, नवा पुढारी, नवें दुःख परकें वाटत नाहीं, याचा याहून चांगला पुरावा मागण्याचें कारण नाहीं.

म्हणून आमची एक विनंती आहे. अहमदनगर (आतांचें अहिल्यानगर), जालना, पुणें या बाजूच्या ख्रिस्ती कुटुंबांतील म्हाताऱ्या बायकांच्या तोंडीं येशूजन्माच्या ओव्या किंवा पाळणे असतील, तर वाचकांनीं ते उतरून घ्यावेत. केवळ शब्द उतरूं नयेत. सँडिजनें छापलेल्या चालीविषयीं कांहीं अभ्यासकांचें मत असें आहे कीं, ती मूळ चाल नसून कोणा एका गाणाऱ्यानें आठवणीनें सांगितलेला वरच्या आवाजाचा तेवढा भाग असावा. मूळचे इतर आवाज टिपले गेले नाहींत, आणि आतां ते विचारण्यास कोणी उरलें नाहीं. तेव्हां ओवी कोणीं म्हटली, कोणत्या गांवीं, कोणत्या कामाच्या वेळीं, दुसरा चरण कोणीं उचलला, हें सर्व लिहावें. आणि गाणारी बाई नको म्हणाली नाहीं तर तिचा आवाजही मुद्रित करून ठेवावा.