मणक्याचं ऑपरेशन झालं, तरी कंबर दुखतेच. मग दुसरं ऑपरेशन करायचं का?

टायगर वूड्स हे नाव गोल्फ न बघणाऱ्यांनीही ऐकलेलं असतं. एप्रिल २०१७ मध्ये या गड्याच्या कमरेचं चौथं ऑपरेशन झालं. आधीच्या तिनांनी भागलं नव्हतं, म्हणून कमरेचा सगळ्यात खालचा मणका त्याच्या खालच्या हाडाला कायमचा जोडून टाकला. यालाच फ्यूजन म्हणतात. दोन वर्षांनी, २०१९ ला, तो मास्टर्स जिंकला.

इथपर्यंतची गोष्ट भारी आहे. पण त्यानंतर त्याचं पाचवं झालं, सहावं झालं आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये सातवं. या सातव्या वेळी बदललेली गादी जोडलेल्या मणक्याच्या बरोबर वरची होती.

मणके जोडले की ती जागा हलायची थांबते आणि तिथला ताण शेजारच्या गादीवर जातो. वर्षानुवर्षं हे चाललं की काहींची शेजारची गादीही खराब होते. वूड्सच्या बाबतीत हेच झालं असं छातीठोक सांगता येणार नाही, पण दुखणं परत येण्याचं हे एक ओळखीचं कारण आहे.

बाकीची कारणं काय? गादी काढली, तिथेच उरलेला भाग पुन्हा सरकला, असं १०० पैकी साधारण ५ ते १५ जणांचं होतं. कधी स्क्रू-रॉड टाकूनही हाड जुळत नाही. बिडी-सिगारेट ओढणाऱ्यांमध्ये हे जास्त. कधी नस इतके दिवस दबलेली असते की मोकळी केली तरी दुखतच राहते. कधी नसेभोवती जखमेची चिवट जाळी तयार होते. आणि कधी मुळात दुखण्याचं कारण वेगळंच असतं, ऑपरेशन भलतीकडेच झालेलं असतं.

यातली पहिली दोन कारणं पुन्हा ऑपरेशन करून सुधारू शकतात. जाळी कापायला गेलं तर नवी जाळी होते. दुखावलेली नस तर कापून बरी होतच नाही. म्हणून "दुसरं ऑपरेशन करू का?" याच्या आधी "दुखतंय नेमकं कशामुळे?" हे विचारावं लागतं.

त्यासाठी डॉक्टर आधी तारखा विचारतात. पहिल्या ऑपरेशननंतर पाय मोकळा झाला, वर्षभर बरं होतं आणि एके दिवशी पुन्हा पायात कळ गेली, तर गादी पुन्हा सरकल्याचा संशय येतो. एक दिवसही आराम पडला नसेल तर मूळ निदानच पुन्हा तपासावं लागतं. पायात उतरणारी कळ ऑपरेशनने जायची शक्यता बरी असते. नुसत्या कमरेच्या दुखण्याचं तसं नाही.

मग एमआरआय कशाला असतो? तर तो लागतोच, शिवाय आधी ऑपरेशन झालं असेल तर बऱ्याचदा इंजेक्शन देऊन काढतात, म्हणजे जाळी कुठली आणि गादी कुठली ते कळतं. पण फक्त रिपोर्ट वाचून घाबरू नका. कंबर अजिबात न दुखणाऱ्या ३ हजारांहून जास्त लोकांचे स्कॅन एकत्र तपासले गेले होते. विशीतल्या ३७ टक्के आणि पन्नाशीतल्या ८० टक्के लोकांच्या गाद्या झिजलेल्या निघाल्या.

नॉर्वेत झालेला एक अभ्यास २००६ मध्ये छापून आला. गादीचं ऑपरेशन होऊनही कंबर दुखत असलेले ६० रुग्ण घेतले. काहींचं फ्यूजन केलं, बाकीच्यांना दुखण्याची भीती घालवणारं समुपदेशन आणि व्यायाम दिला. वर्षभराने दोन्हीकडे जवळपास निम्म्यांनाच फायदा झाला होता. माणसं थोडी होती हे खरं, पण व्यायामवाल्यांना निदान स्क्रू पडले नव्हते.

काही वेळा मात्र विचार करत बसायचं नसतं. लघवी तुंबली किंवा नकळत व्हायला लागली, बसायची जागा बधिर झाली, पाऊल उचलेनासं झालं, तर त्याच दिवशी हॉस्पिटल गाठा. ऑपरेशननंतर ताप आणि वाढतं दुखणं असेल तरी तसंच, कारण आत जंतुसंसर्ग असू शकतो.

हे काहीच नसेल तर तुमच्याकडे वेळ आहे. दुसऱ्या वेळी जखमेतून वाट काढावी लागते, नसांचं आवरण फाटण्याचा धोका वाढतो, त्यामुळे दुसऱ्या सर्जनचं मत घ्या. त्यात पहिल्या डॉक्टरांचा अपमान वगैरे काही नसतो. जाताना डिस्चार्ज कार्ड, ऑपरेशन नोट्स आणि आधीचे-नंतरचे एमआरआय न्या, फक्त रिपोर्टचा कागद नको. आणि थेट विचारा: नेमकं काय दुरुस्त करणार? पाय थांबेल की कंबर? सहा महिने थांबलो तर काय बिघडेल? "स्क्रू टाकून बघू" एवढंच उत्तर आलं, तर तारीख घेऊ नका.