टॅबवरची गाणी : प्लेअर निवडण्याआधी

मृग लागला की आमच्या जोयडा तालुक्यात दोन गोष्टी हमखास गायब होतात, एक लाईट आणि दुसरी मोबाईलची रेंज. सुप्याच्या धरणावर वीज तयार होते, पण आडवे पडलेले एक झाड आमच्या गल्लीत दोन दिवस अंधार करून जाते. काळी नदीच्या खोऱ्यातल्या या दाट जंगलात टॉवर शोधत टेकडी चढणारी माणसे आपल्यापैकी अनेकांनी पाहिली असतील. टॅबवर गाणी ऐकण्याचा विषय इथूनच सुरू करायला हवा.

गेल्या वर्षी मुलाने हुबळीहून आज्जासाठी टॅब आणला. आज्जा म्हणजे माझे वडील. आमचे घर मराठी, बायकोचे माहेर धारवाडकडचे कन्नड. त्यामुळे मुलांना इकडे 'आज्जा' आणि तिकडे 'अज्ज'. वडिलांचा टेपरेकॉर्डर वर्षभर बंद होता. "आता याचे सामान मिळत नाही," म्हणून दुरुस्तीवाल्याने तो परत पाठवला होता. कपाटात पन्नासेक कॅसेट तशाच पडून होत्या.

मुलाने टॅबवर इंटरनेटवरून गाणी ऐकवणारे एक अ‍ॅप टाकून दिले. भीमसेनांचे अभंग हवेत? बोट लावा. मल्लिकार्जुन मन्सूरांची वचने हवीत? बोट लावा. आज्जा आठवडाभर खुशीत होते. मग पहिला मोठा पाऊस झाला. पडद्यावर एक चक्र गरगर फिरत राहिले आणि गाणे काही येईना. आज्जा म्हणाले, "रेडिओला निदान खरखर तरी होती!"

गाणे कुणाचे?

वाचकहो, इथे एक फरक समजून घ्यायला हवा. नेटवरून ऐकवणारी सेवा म्हणजे भाड्याचे घर. त्यातली पुष्कळशी गाणी 'डाऊनलोड' करता येतात, पण ती त्या अ‍ॅपच्याच कुलपात राहतात. वर्गणी थांबली की कुलूप उघडत नाही. सेवाच बंद पडली तर सगळी मांडामांड वाया जाते. गुगल प्ले म्युझिक २०२० मध्ये बंद झाले, विंक म्युझिक २०२४ मध्ये. नवी गाणी शोधायला या सेवा चांगल्याच. पण जपून ठेवायचे गाणे आपल्या मेमरी कार्डावर, आपल्या फाईलमध्येच हवे. ते वाजवायला लागतो तो साधा प्लेअर.

म्हणून आम्ही आधी गाणी उतरवून घेतली. कॉलेजातल्या एका सहकाऱ्याचा चालू टेप आणला, त्याच्या हेडफोनच्या भोकातून वायर कॉम्प्युटरला जोडली आणि ऑडॅसिटी या मोफत सॉफ्टवेअरवर रेकॉर्ड केले. तासाच्या कॅसेटला तासच लागतो, त्यात घाई चालत नाही. १२८ केबीपीएसच्या एमपी३ मध्ये एका तासाला सुमारे ५८ एमबी जागा लागते. म्हणजे पन्नास तासांची गाणी ३ जीबीच्या आत बसली. ज्यांना ध्वनी जराही कमी झालेला नको, त्यांनी फ्लॅक हा प्रकार वापरावा. त्याला जागा कितीतरी पटींनी जास्त लागते. जुन्या कॅसेटसाठी एमपी३ पुरते.

नावात काय नाही?

खरी पंचाईत पुढेच होती. टॅबमध्ये आधीपासून असलेल्या प्लेअरने सगळी गाणी 'अननोन आर्टिस्ट' या एकाच पोत्यात भरली. त्यातच व्हॉट्सअ‍ॅपवर आलेले शुभेच्छांचे आवाज! मुलाने फाईलींची नावे बदलली, तरी पडद्यावर फरक पडेना. कारण असे, की गाण्याच्या फाईलला दोन नावे असतात. एक बाहेरचे, म्हणजे फाईलचे. दुसरे आतल्या चिठ्ठीवरचे. या चिठ्ठीला 'टॅग' म्हणतात. बरेच प्लेअर ही आतली चिठ्ठीच वाचतात.

ही चिठ्ठी आपल्यासारख्या दुभाषी घरात आणखी गोंधळ घालते. भीमसेन जोशींनी मराठी अभंग गायले तसेच कन्नड दासवाणीही गायली. आमच्याकडे अभंगांवर त्यांचे नाव देवनागरीत पडले, दासवाणीवर कन्नड लिपीत आणि मुलाने टाकलेल्या गाण्यांवर इंग्रजी अक्षरांत. प्लेअरला कुठे ठाऊक की हा माणूस एकच! त्याने तीन भीमसेन केले आणि यादीत तीन ठिकाणी बसवले. माणसाने ज्या दोन भाषा एका गळ्यात आणल्या, त्या यंत्राने पुन्हा वेगळ्या काढल्या.

यावर आम्ही घरात एक नियम केला. गायकाचे नाव नेहमी एकाच लिपीत, आम्ही देवनागरी घेतली. तुम्ही कन्नड घ्या, पण एकच घ्या. गाण्याचे नाव मात्र त्या गाण्याच्या भाषेत आणि लिपीत. नावे युनिकोडमध्येच लिहावीत, म्हणजे मोबाईलच्या मराठी वा कन्नड कीबोर्डवरून. श्रीलिपी किंवा नुडीच्या जुन्या फॉन्टमध्ये टाईप केलेली नावे टॅबवर किड्यामुंग्यांसारखी दिसतात.

प्लेअरची परीक्षा

एवढे झाल्यावर प्लेअर निवडणे सोपे झाले. आम्ही पाच प्रश्न काढले. पहिला, नेट बंद केल्यावर तो मुकाट चालतो का? दुसरा, 'फोल्डर' दाखवतो का? आज्जांना आल्बम वगैरे कळत नाही, पण 'अभंग', 'वचने', 'नाट्यगीते' असे कप्पे कळतात. तिसरा, मराठी आणि कन्नड दोन्ही अक्षरे नीट दाखवतो का? चौथा, तासाभराचा ख्याल मध्येच थांबवला तर दुसऱ्या दिवशी तिथूनच सुरू करतो का? आणि पाचवा, अभंग संपतो न संपतो तोच जाहिरात ओरडत नाही ना?

या परीक्षेत आमच्याकडे दोन पास झाले. एक व्हीएलसी, नारिंगी शंकूच्या चिन्हाचा. फ्रान्समधल्या एकोल सांत्राल या इंजिनिअरिंग कॉलेजच्या विद्यार्थ्यांनी १९९६ मध्ये सुरू केलेला हा प्रकल्प २००१ पासून सर्वांसाठी खुला आहे. तो मोफत आहे, जाहिराती नाहीत, आणि एमपी३, फ्लॅक काहीही दिले तरी वाजवतो. अँड्रॉईड टॅबवर चालतो तसा आयपॅडवरही चालतो. आयपॅडला मेमरी कार्डाची जागा नसते, तेवढे लक्षात ठेवावे. दुसरा म्युझिकोलेट, फक्त अँड्रॉईडसाठी. तोही मोफत आणि विनाजाहिरात. त्यात फोल्डरही दिसतात आणि आतली चिठ्ठी तिथल्या तिथे दुरुस्त करता येते. आम्ही नावे म्युझिकोलेटमध्ये नीट केली आणि आज्जांना व्हीएलसी दिला. ज्याच्या हाताला जे बसेल ते त्याने घ्यावे.

आणि हो, कार्डाची दुसरी प्रत काढून घरातल्या दुसऱ्या कुणाकडे ठेवा. कार्ड बिघडते तेव्हा आधी निरोप पाठवत नाही.

एक कॅसेट

त्या पन्नासांत एक कॅसेट दुकानातली नव्हती. १९८८ साली बहिणीच्या लग्नात कुणीतरी आमच्या आईच्या जात्यावरच्या ओव्या भरून घेतल्या होत्या. आई जाऊन आता सतरा वर्षे झाली. तिचा आवाज घरात तेवढाच. जुन्या प्लेअरने ती फाईलही 'अननोन आर्टिस्ट'मध्येच टाकली होती. तो शब्द वाचून आज्जा काही बोलले नाहीत, नुसता टॅब बाजूला ठेवला. खरे सांगायचे तर दुसरा प्लेअर शोधायला मी बसलो तो त्या रात्री.

ओव्यांच्या मागे जात्याची घरघर आहे, भांडे पडल्याचा आवाज आहे, मध्येच कुणीतरी हसते. मुलगा म्हणाला, "आज्जा, हे आवाज काढून टाकता येतात." आज्जा म्हणाले, "राहू दे. ते घरच आहे."

आता फोल्डरवर आईचे नाव आहे, चिठ्ठीवरही आहे. आज्जा ते रोज लावत नाहीत. परवा पाऊस होता, लाईट नव्हती, आणि त्यांनी आपल्या हाताने ते उघडले. आमची धाकटी आजीनंतर जन्मलेली. स्वयंपाकघरातून तिचा आवाज आला, "अव्वा, इदु यार दनी?"

बायको म्हणाली, "निन्न अज्जीदु."

धाकटी येऊन आज्जांच्या शेजारी बसली. टॅबची बॅटरी तीस टक्के होती. तेवढी पुरली.