गोरेवाड्याच्या कुंपणाआत

२०१९ साली टिपेश्वर अभयारण्यातला एक तरुण वाघ गळ्यात रेडिओ कॉलर घेऊन निघाला. पैनगंगेचं खोरं, इसापूर, आमचा हिंगोली जिल्हा, वाशिम, अकोला असं करत तो बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोचला. जवळजवळ १,३०० किलोमीटर. एवढ्या वस्तीतून वाघ गेला, पण तो दिसला मोजक्यांनाच. आपल्याला पोरांना वाघ दाखवायचा तर नागपूरचा गोरेवाडा गाठावा लागतो.

नागपूरला पाणी देणाऱ्या तलावाभोवतीचं हे सुमारे १,९१४ हेक्टरचं रान. इथली सफारी २६ जानेवारी २०२१ला सुरू झाली. वाघ, बिबट्या, अस्वल आणि हरणं-नीलगायी यांना वेगवेगळी कुंपणं घातली आहेत. आत जंगल आहे तसंच. इथे माणसं गाडीत बंद आणि जनावर मोकळं. त्यामुळे वाघ झुडपाआड बसला की बसला. पोरं हिरमुसतात, मोठी माणसं तिकिटाचा हिशोब काढतात. मला मात्र हेच आवडलं. बघणाऱ्याकडे पाठ फिरवायची सोय पिंजऱ्यातल्या वाघाला कुठे असते?

सफारीच्या आधीपासून इथे बचाव केंद्र आहे, आणि खरा गोरेवाडा तोच. विहिरीत पडलेले, गाडीखाली आलेले, माणसावर गेलेले वाघ-बिबटे तिथे येतात. काही बरे होऊन रानात जातात, काहींचा मुक्काम कायमचा. जोखीमही आहे: डिसेंबर २०२४मध्ये बर्ड फ्लूने तीन वाघ आणि एक बिबट्या तिथे दगावले.

‘इथे पिल्लं होतात का?’ हा प्रश्न हमखास येतो. पण बिबट्यांची पैदास वाढवून ठेवायची कुठे? आधीच केंद्रं भरलेली. पैदास हवी ती गिधाडांची. गुरांना टोचलेलं डायक्लोफिनॅक हे वेदनाशामक मढ्यातून त्यांच्या पोटात गेलं, मूत्रपिंडं निकामी झाली आणि थव्यांचे थवे संपले. वर्षाला एकच अंडं घालणारा पक्षी. तूट भरायची कशी? हरियाणातल्या पिंजोरला बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीने (‘बीएनएचएस’) आणि तिथल्या वनखात्याने ती चिकाटी धरली. तिथली गिधाडं २०२४ साली रानात सोडण्यासाठी पेंच आणि ताडोब्यात आणली गेली.

सोडलेलं गिधाड मात्र कुंपण जाणत नाही. कुणाच्याही शिवारातल्या मेलेल्या ढोरावर उतरेल. जनावरांसाठी डायक्लोफिनॅकवर २००६पासून बंदी आहे. गिधाडांना न बाधणारं मेलॉक्सिकॅम बाजारात मिळतं. गोठ्यात डॉक्टर आला की तेच मागावं.