चारला आठ जोडले, तर किती?

घरचा कॉम्प्युटर कुंथायला लागला की खांदेश्वरच्या माणसापुढे दोन वाटा असतात. एक म्हणजे खांदा कॉलनीत किंवा पनवेलात ओळखीचं दुकान गाठायचं. दुसरी लांबची: हार्बर पकडा, कुर्ल्याला बदला, दादरला बदला, ग्रँट रोडला उतरा आणि लॅमिंग्टन रोडवर शिरा. (या रस्त्याचं अधिकृत नाव डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग. लॉर्ड लॅमिंग्टन मुंबईची गव्हर्नरकी १९०७ साली सोडून गेले, पण रॅम घ्यायला निघालेला माणूस अजून त्यांचंच नाव घेतो.) दुकान कुठलंही असो, गिऱ्हाईक विचारतं, 'जुनीच्या जोडीला ही नवी चालेल ना?' आणि काउंटरपलीकडून उत्तर येतं, 'चालून जाईल, साहेब.'

कधी चालते, कधी नाही. निकाल लावते ती रॅमच्या पट्टीवरची एक बारीकशी खाच.

रॅमच्या पिढ्यांची नावं डीडीआरने सुरू होतात. डीडीआर२ आणि डीडीआर३, दोघींना २४० पिना. डीडीआर४ आणि डीडीआर५, दोघींना २८८. म्हणून पिना मोजत बसू नका, खाच बघा. ती प्रत्येक पिढीत थोडी सरकवलेली असते, मुद्दामच. कारण विजेची भूक पिढीगणिक घटत गेली आहे. पहिल्या डीडीआरला २.५ व्होल्ट लागायचे, डीडीआर३ला १.५, डीडीआर४ला १.२, तर २०२०च्या डीडीआर५ला १.१. चुकीची पट्टी चुकीच्या स्लॉटात जाऊच नये, ही त्या खाचेची नोकरी. पट्टी बसत नसेल तर अंगठ्याचा जोर वाढवू नये, पट्टी बाहेर काढून लेबल वाचावं. आणखी एक गंमत: डीडीआर४ पट्टीची खालची कड सरळ नसते, मध्ये किंचित फुगीर असते. सगळ्या पिना एकदम घुसवाव्या लागू नयेत म्हणून.

दोन पिढ्या एका बोर्डावर कधी नांदल्याच नाहीत का? नांदल्या की! इंटेलच्या जी४१ चिपसेटचे काही 'कॉम्बो' मदरबोर्ड निघाले होते, त्यांवर डीडीआर२ आणि डीडीआर३ असे दोन्ही स्लॉट असायचे. पण वापरायचे एका वेळी एकाच जातीचे.

पिढी एकच, वेग मात्र वेगळा, तर? इथे दुकानदार बरोबर असतो. प्रत्येक पट्टीवर एक चिमुकली चिप असते, तिच्यात पट्टीची सगळी कुंडली लिहिलेली. कॉम्प्युटर सुरू होताना बायॉस ती वाचतो आणि सगळ्यांना झेपेल असा वेग ठरवतो. जुनी २४००ची आणि नवी ३२००ची असेल तर दोघी २४००ने धावतात. हार्बरवर पुढची लोकल रेंगाळली की मागची कितीही नवी कोरी असो, तिलाही रेंगाळावंच लागतं, तसंच हे. नवीचं नुकसान काही होत नाही. जास्तीचे पैसे तेवढे वाया.

आणि ज्यांनी चकचकीत गेमिंग रॅम घेतली आहे त्यांनीही जरा तपासावं. अशा पट्टीवर ३२०० किंवा ३६०० छापलेलं असतं, पण बायॉसमध्ये जाऊन एक्सएमपी नावाची सेटिंग चालू केल्याशिवाय ती बहुधा २१३३ किंवा २४००नेच चालते. वर्षानुवर्षं!

आता शीर्षकातला हिशेब. चार जीबी अधिक आठ जीबी म्हणजे बाराच. फक्त हे बारा एकसारखे नसतात. इंटेलच्या बोर्डावर या दोन पट्ट्या दोन वेगळ्या चॅनेलांत, म्हणजे रॅमच्या दोन वेगळ्या वाटांवर, बसवल्या, तर चार आणि चार मिळून आठ जीबी जोडीने धावते आणि उरलेली चार एकटी. त्यात विंडोज ३२ बिटची असेल तर हिशेबच बुडाला. घरगुती ३२ बिट विंडोज चार जीबीच्या पलीकडे बघतच नाही.

सर्वात फसवी पट्टी सेकंडहँड बाजारात भेटते. 'सोळा जीबी, एकदम स्वस्त!' ती बहुतेक वेळा सर्व्हरमधून निघालेली 'रजिस्टर्ड' रॅम असते. डीडीआर४ची असेल तर खाचही जुळते, पट्टी टक्कन बसते आणि स्क्रीन काळीच राहते. घरच्या मदरबोर्डाला ती चालत नाही. लॅपटॉपवाल्यांचा घोळ निराळा: डीडीआर३ आणि डीडीआर३एल दिसायला सारख्या, पण १.३५ व्होल्टवरच चालणाऱ्या लॅपटॉपला साधी डीडीआर३ नको असते.

बारा जीबीला कमी म्हणणाऱ्यांनी टिफ्रॅक आठवावा. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत घडलेला हा संगणक १९६०मध्ये कामाला लागला. त्याची मेमरी २०४८ शब्दांची, प्रत्येक शब्द ४० बिटांचा. म्हणजे सगळी मिळून १० केबी! आजची आठ जीबीची एक पट्टी त्याच्या आठ लाख पटींहून मोठी. टिफ्रॅकमध्ये एकेका बिटासाठी फेराइटची एकेक कडी तारांत ओवलेली होती. अशा कड्यांचा एक गुण आजच्या रॅमला नाही: वीज गेली तरी त्या विसरत नसत. आपली रॅम इतकी विसरभोळी, की डीडीआर४ला आपलं पाठांतर दर ६४ मिलिसेकंदांत पुन्हा करावं लागतं. एक ट्रान्झिस्टर आणि एक कपॅसिटर एवढ्यावर बिट साठवण्याची ही काटकसरी युक्ती आयबीएमच्या रॉबर्ट डेनार्ड यांची, पेटंट १९६८चं.

जुनी पट्टी फेकवत नाही, याला कंजूषपणा म्हणू नका. १९९३च्या जुलैत जपानमधल्या निहामा इथे सुमितोमोच्या कारखान्यात स्फोट झाला. चिपा ज्यात बंद करतात त्या इपॉक्सी रेझिनचा मोठा वाटा तिथून यायचा. जगभर रॅमचे भाव भडकले. २०२५च्या अखेरीस पुन्हा तेच झालं, या वेळी एआयच्या डेटा सेंटरांनी चिपा ओढून नेल्या म्हणून. रॅम बनवणाऱ्या मायक्रॉन कंपनीने तर घरगुती ग्राहकांसाठीचा 'क्रुशियल' ब्रँडच गुंडाळायचं जाहीर केलं.

तेव्हा निकाल असा: पिढी जुळत असेल तर वेगाची भेसळ खुशाल करा. आठ जीबीवर हँग होणाऱ्या कॉम्प्युटरला थोडी हळू चालणारी सोळा जीबी केव्हाही बरी. दुकानात जाण्यापूर्वी कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाबा, टास्क मॅनेजरमध्ये मेमरी उघडा; वेग आणि रिकामे स्लॉट तिथेच दिसतात. जमलं तर जुनी पट्टी सोबत न्या, आणि नवी 'नाही चालली तर बदलून मिळेल' एवढं बिलावर लिहून घ्या.