प्रिंटरचे दोन सेकंद आणि तुमचा गल्ला

बिलाचं बटण दाबलं आणि प्रिंटर दोन सेकंद गप्प बसला, तर आपण काय करतो? पुन्हा बटण दाबतो! मग एकाच गिऱ्हाइकाची दोन बिलं निघतात आणि रात्री हिशोब जुळत नाही. ओरडा मात्र काउंटरवरच्या पोराला बसतो.

याकोब नील्सन या तज्ज्ञांनी १९९३ मध्ये संगणकाच्या वापराबद्दल तीन मर्यादा मांडल्या. ०.१ सेकंदात प्रतिसाद आला, तर काम लगेच झालं असं वाटतं. १ सेकंदापर्यंत उशीर जाणवतो, पण विचार तुटत नाही. १० सेकंदांच्या पुढे लक्ष दुसरीकडे जातं.

मग करायचं काय?

१. बटण दाबताच आवाज येईल किंवा स्क्रीनवर खूण दिसेल, अशी सेटिंग ठेवा.
२. बिल सेव्ह झालंय का हे बघितल्याशिवाय पुन्हा बटण दाबायचं नाही, हा नियम करा.
३. वेळ लागणार असेल, तर आधीच सांगा: "दादा, अर्धा मिनिट हं." न सांगता गेलेला अर्धा मिनिट गिऱ्हाइकाला फार मोठा वाटतो.

आणि नवीन मशीन घेताना नुसती किंमत विचारू नका. तिथेच उभं राहून सलग दहा बिलं काढून बघा!